कानात सांगितलेलं नाव

ऋजुता लाटकरचा चेहरा सांगलीत फारसा कुणाला माहीत नव्हता, पण तिचा आवाज न ओळखणारं माणूस सापडणं कठीण होतं. दवाखान्यात, एसटी स्टँडवर, शाळेच्या फाटकाशी तो आवाज गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आला होता, पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा, ताप अंगावर काढू नका. बाजारात तिने कोथिंबिरीची जुडी मागितली तरी भाजीवाली मान वर करून म्हणायची, "अगं बाई, त्या 'हात धुवा'वाल्या तुम्हीच ना?" ऋजुता वरवर संकोचायची, पण तिला ते मनापासून आवडायचं. आई-वडिलांच्या मागे धाकट्या भावाला, तन्मयला, तिनेच शिकवून मार्गाला लावलं होतं. घरात आणि गावात आपला शब्द चालतो, याची तिला सवय झाली होती.

तन्मयला मुलगा झाला तेव्हा त्याच्या दाराच्या चौकटीवर तळहाताएवढा 'उंबरा' बसला. त्याचं कागदोपत्री नाव श्वासपरीक्षक असं काहीतरी होतं, पण दारात असतो म्हणून सगळे त्याला उंबराच म्हणत. ज्या घरात नवं बाळ असेल तिथे आरोग्य खातं तो पहिले काही महिने फुकट लावून देई.

आपण श्वास सोडतो तेव्हा नुसती हवा बाहेर पडत नाही. शरीरात जी काही उलथापालथ चाललेली असते तिचा एक अतिशय बारीक दर्प त्या हवेत मिसळलेला असतो. जंतू घशात ठाण मांडून बसले की तेही खातात, वाढतात, टाकाऊ बाहेर टाकतात, आणि तो दर्प बदलतो. माणसाच्या नाकाला हा बदल कळत नाही. उंबऱ्याच्या आत नखाएवढी एक चकती होती, तिला तो कळे. जोडीला तो खोकल्याचा आवाजही ऐके. हिरवा दिवा लागला की माणसाने खुशाल आत जावं. तांबडा लागला की ऋजुताचाच आवाज येई, "थांबा. तुमच्या श्वासात संसर्गाची खूण दिसते आहे. कृपया बाळाजवळ जाऊ नका. आधी तपासणी करून घ्या." यंत्राला वावडं होतं ते फक्त धुराचं. धूप-उदबत्तीने ते गोंधळून जाई, म्हणून पूजेच्या वेळी ते झोपवायला बाजूला एक कळ ठेवलेली होती.

बारशाच्या दिवशी ऋजुता पाहुण्यांच्या आधी पोचली. हातात बाळाचं झबलं-टोपडं होतं आणि पर्समध्ये मास्क. तिला बरेच दिवस खोकला होता. दिवसा काही नाही, पण संध्याकाळी उबळ आली की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबायची नाही. एकदा तर उबळीनंतर उलटीही झाली होती. 'दोन आठवड्यांहून जास्त खोकला, उबळ येणं, उबळीनंतर उलटी होणं' हे वाक्य तिने स्वतः मायक्रोफोनसमोर वाचलेलं होतं. तरी ती स्वतःला सांगत राहिली, की स्टुडिओतला एसी सोसत नाही, घसा हाच आपला धंदा, तो शिणणारच.

ती दारात उभी राहिली आणि तांबडा दिवा लागला.

"थांबा," तिच्याच आवाजाने तिला सांगितलं. "तुमच्या श्वासात..."

पुढचं तिने ऐकलंच नाही. बोट आपसूक बाजूच्या कळीवर गेलं. दिवा विझला.

"कोण आलं?" आतून तिच्या भावजयीने, पल्लवीने विचारलं.

"मीच गं. उंबरा झोपवून ठेवलाय. आता धूप घालणार ना तुम्ही, उगाच पाहुण्यांवर ओरडत बसेल."

"बरं झालं ताई. माझ्या लक्षातच नव्हतं."

एवढं सोपं होतं ते. आरोग्याची गोष्ट आणि ताईने सांगितलेली, मग तिच्यावर शंका कोण घेणार? मास्क लावावा असं तिच्या मनात येऊन गेलं. पण फोटो निघणार होते, सगळे सोयरेधायरे जमणार होते, आणि 'हात धुवा'वालीच आजारी म्हटल्यावर लोक काय म्हणतील? मास्क पर्समध्येच राहिला.

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्याशी ओणवून ऋजुताने बाळाच्या इवल्याशा कानाला ओठ लावले आणि "कुर्र्र" केलं. बायका वाट बघतच होत्या. त्यांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या हिसक्याने दबून बसलेली उबळ उसळून वर आली. तोंड वळवायला तिला सवड मिळाली नाही. बाळाच्या गालाला गाल लागलेला असतानाच ती खोकली, एकदा, दोनदा, मग खोकतच राहिली.

"बसला की जोरात!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. ऋजुताही डोळे पुसत हसली. "उदयन," तिने घोगऱ्या आवाजात नाव सांगितलं. शालनबाईंनी, म्हणजे पल्लवीच्या आईने, नातवाची दृष्ट काढली आणि सगळ्यांच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या. शालनबाई जत तालुक्यातल्या गावाहून लेकीच्या बाळंतपणासाठी येऊन राहिल्या होत्या. त्याही अधूनमधून खोकत होत्या, पण त्यांचा तो खोकला जुना होता, वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून जडलेला. उंबरा त्यांना रोज हिरवा दिवा दाखवत आला होता.

पुढच्या आठवड्यात उदयन दूध पिईनासा झाला. थोडं नाक वाहिलं, कसानुसा एकदा खोकला, एवढंच. मग एका दुपारी पल्लवीच्या मांडीवर असताना त्याचा श्वास थांबला. ओठ जांभळे पडले. पल्लवीच्या किंकाळीने शेजारी धावत आले. पाठ चोळल्यावर श्वास परत आला, पण रिक्षातून मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो आणखी एकदा थांबला.

डॉक्टर फरहाना मुजावर यांनी बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं आणि सगळ्यांना बाहेर बोलावून घेतलं.

"डांग्या खोकला आहे," त्या म्हणाल्या.

"पण तो खोकतच नाही, डॉक्टर," तन्मय म्हणाला.

"एवढ्या लहान बाळांना नीट खोकताही येत नाही. त्यांचा श्वासच थांबतो. मोठ्या माणसांत मात्र हा नुसता चिवट खोकला म्हणून राहतो. लहानपणच्या लशीचा जोर मोठेपणी ओसरलेला असतो. माणूस हिंडतो-फिरतो, कामाला जातो, आणि घरातल्या बाळाला देऊन बसतो. बाळाला स्वतःची लस दीड महिन्याला मिळते, तोवर त्याचं रक्षण आजूबाजूच्यांनी करायचं. पल्लवी, तू गरोदरपणात लस घेतली होतीस, तेवढीच आता त्याच्या बाजूने लढते आहे." मग त्यांनी विचारलं, "घरात कोण खोकत होतं?"

कुणी काही बोलायच्या आत पल्लवीची मान आईकडे वळली. शालनबाईंनी घाईने पदर तोंडाला लावला, आणि नेमका त्याच क्षणी त्यांना खोकला आला. उंबऱ्याचा रोजचा हिरवा दिवा त्या घाबरगुंडीत कुणाला आठवला नाही.

"शालनमावशींना पूर्वी टीबी झाला होता ना?" तन्मयने हळूच विचारलं.

टीबीचा याच्याशी काही संबंध नाही, हे ऋजुताला पुरतं ठाऊक होतं. तो जंतू वेगळा, शालनबाईंनी पूर्ण औषधं घेऊन तो कधीच निपटून काढला होता. 'बरा झालेला रुग्ण कुणाला आजार देत नाही' हे वाक्यही तिच्याच आवाजात गावभर वाजत होतं. ते बोलायला तिचा आवाज मात्र त्या वेळी उठला नाही. तिने पर्समधून मास्क काढून लावला, आणि आपण तो आत्ता का लावतोय याची तिला इतकी शरम वाटली की भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली.

"आई, तुला किती वेळा सांगितलं होतं, त्याचा मुका घेऊ नको म्हणून!" पल्लवीचा तोल सुटला. "माझ्या लेकराला मारायला आलीस का तू?"

शालनबाई जिना उतरून खाली पायरीवर जाऊन बसल्या. खालच्या दालनात पडद्यावर ऋजुताचा आवाज चालू होता, 'खोकला असेल तर लपवू नका. लपवण्यात लाज आहे, सांगण्यात नाही.' शालनबाई मान खाली घालून ते ऐकत होत्या. ऋजुता वरून कठड्यापाशी उभी राहून तेच ऐकत होती. ऋजुतासकट घरातल्या सगळ्यांच्या घशातले नमुने घेतले गेले, सगळ्यांना औषध दिलं गेलं. त्याच संध्याकाळी शालनबाई पिशवी भरून गावी निघून गेल्या. जाताना त्यांनी काचेतूनसुद्धा नातवाकडे बघितलं नाही. आपली नजरही त्याला बाधेल, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं.

काही दिवसांनी ऋजुताच्या स्टुडिओत एक मध्यमवयीन गृहस्थ आले. देवदत्त ऐनापुरे, आजार कुणाकडून कुणाला गेला ते शोधणाऱ्या जंतुमाग विभागातले. खुर्चीत बसल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"माझ्या मुली तुमची नक्कल करतात घरात," ते म्हणाले. "म्हणून मीच आलो. दुसऱ्या कुणाला पाठवावंसं वाटेना."

ते काय सांगणार हे तिला कळून चुकलं होतं. तरी तिने विचारलं, "नक्की आहे?"

"नक्की आहे. वर्गात मुलं एकमेकांचं बघून लिहितात, तेव्हा शिक्षक चोरी कशी पकडतात? बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात. चुका सारख्या निघाल्या की कळतं, कुणी कुणाचं बघितलं. जंतूही स्वतःची नक्कल काढताना चुका करतो. हा डांग्या खोकल्याचा जंतू फार सावकाश बदलतो, म्हणून पूर्वी त्याचा माग लागायचा नाही. आता एकाच घशातल्या हजारो जंतूंचं सगळं मिश्रण वाचता येतं. बाळाच्या घशात ज्या चुका आहेत त्या तुमच्या घशात आहेत, आणि तुमच्याकडे त्या आधीच्या आहेत. वाट तुमच्याकडून बाळाकडे गेली आहे."

"आणि शालनमावशी?"

"त्यांच्याकडे काहीच नाही. कधी नव्हतंच. त्यांच्या फोनवर तसा निरोप गेलाय, पण तो उघडलेला दिसत नाही."

"घरच्यांना तुम्ही सांगणार?"

"नाही. कायदा तसा आहे. मूळ कोण, हे फक्त त्या माणसालाच सांगायचं. सुरुवातीला नावं फुटली तेव्हा लोकांनी माणसांची घरं पेटवायचीच तेवढी बाकी ठेवली होती. त्यातून हा कायदा आला, आणि तो चांगला आहे." ऐनापुरे उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "मात्र नाव कळलं नाही म्हणून लोकांचा संशय थांबत नाही, ताई. तो घरातल्या सगळ्यात गरीब माणसावर जाऊन बसतो. ते आम्हाला यंत्राने निस्तरता आलेलं नाही."

त्या दिवशीच सांगून टाकायचं, असं ऋजुताने ठरवलं. पण उदयन अजून पेटीत होता. आत्ता कशाला त्यांना आणखी ताप, असं ती मनाला म्हणाली. तो घरी आला तेव्हा घरात इतका आनंद होता, की त्यावर विरजण घालायचं तिच्या जिवावर आलं. सबबींना तोटा नव्हता. तन्मय तिला म्हणायचा, "ताई, तू होतीस म्हणून निभावलं गं." ती "छे रे" म्हणायची आणि घरी येऊन उपाशी झोपायची. पल्लवीचं आईशी फोनवर बोलणं दोन शब्दांवर आलं होतं. "आईला वर्षभर तरी इकडे आणायचं नाही," असं तिने ऋजुतासमोरच एकदा सांगून टाकलं, आणि ऋजुता बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिली.

मग खात्याकडून नवी संहिता आली. गावात डांग्या खोकल्याचे आणखी रुग्ण सापडले होते, लोकांना सावध करायचं होतं. ऋजुता मायक्रोफोनसमोर बसली. पहिलंच वाक्य होतं, 'घरातल्या वृद्धांचा जुना खोकला बाळाच्या जिवावर बेतू शकतो.'

"घरातल्या वृद्धांचा..." एवढं म्हणून ती थांबली.

"ताई, पुन्हा घेऊ," काचेपलीकडून तंत्रज्ञ म्हणाला.

तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी 'वृद्धांचा' इथपर्यंतही पोचता आलं नाही. डोळ्यांपुढे दवाखान्याच्या पायरीवर बसलेली, तोंडाला पदर लावलेली बाई आली. आपण गप्प राहिलो तेवढ्याने भागलं नव्हतं. आता तीच गोष्ट आपल्या तोंडून गावाला सांगितली जाणार होती.

"हे चुकीचं आहे," ती म्हणाली. "वृद्धांचा नाही. कुणाचाही. चांगल्या धडधाकट, शिकलेल्या माणसाचासुद्धा. मी हे वाचणार नाही."

हेडफोन काढून ती सरळ तन्मयच्या घरी गेली. आत पाऊल न टाकता दारातच उभी राहून तिने दोघांना बाहेर बोलावलं, आणि सगळं सांगितलं. तांबडा दिवा, कळ, पर्समधला मास्क, ऐनापुरेंची भेट. मधे कुठे थांबली नाही, कारण थांबलं की सबब सुचेल अशी तिला भीती होती.

तन्मय भिंतीला टेकला. "तुला माहीत होतं," तो म्हणाला. "दवाखान्यात. मी मावशींच्या टीबीचं बोललो तेव्हा."

"हो."

"आणि तू मला बोलू दिलंस."

तन्मय आत निघून गेला. लहानपणापासून तो कितीही रागावला तरी दार आपटत नसे. आजही त्याने ते आपटलं नाही, नुसतं हळूच लोटलं. ते तिला जास्त लागलं.

पल्लवी मात्र तिथेच उभी होती. रडत नव्हती. "बाळाचं मी कधीतरी विसरेन, ताई. तुम्ही मुद्दाम नाही केलं ते," ती म्हणाली. "पण मी माझ्या आईला काय म्हटलं, तुम्ही ऐकलंत ना? मारायला आलीस का, म्हटलं. ते आता कसं परत घेऊ मी?"

"मी जाते त्यांच्याकडे."

"जा. तुमच्याच तोंडाने सांगा. मी आधी फोन करणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ऋजुता निघाली. गावात उतरून तिने घर विचारलं तेव्हा लोकांनी आवाज ओळखून कौतुकाने वाट दाखवली. ते कौतुक तिला अंगावर ओरखडा उठावा तसं लागलं.

शालनबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. तोंडाला पदर गुंडाळलेला. शेजारची रांगती पोर त्यांच्याकडे आली तशी त्यांनी हाताने तिला लांब केलं आणि तिच्या आईला हाक मारली, "ने गं हिला. माझ्याजवळ नगं."

ऋजुता त्यांच्यासमोर मातीतच बसली. तिथे तिला यंत्राचं, चकतीचं, जंतूंच्या चुकांचं काही सांगता आलं नाही. "मावशी, बाळाला आजार माझ्यामुळे झाला," ती म्हणाली. "खोकला मला होता. मला कळलं होतं, मी लपवलं. आणि तुमच्यावर आळ आला तेव्हाही मी गप्प बसले. तुमच्या घशात काहीच नव्हतं. तुमच्या फोनवर तसं कळवलंय."

शालनबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मला वाचाया कुठं येतंय ते," त्या म्हणाल्या. "आन् लेकीनं म्हटल्यावर मला खरंच वाटलं की. मीच केलं आसंल म्हनून. देवापुढं नाक घासलं मी रोज." त्यांनी पदर तोंडावरून हळूच खाली घेतला. कापडाने गालांवर वळ उठले होते. "म्हंजे माझ्यामुळं न्हवं?"

"नाही, मावशी."

"आजिबात?"

"अजिबात नाही."

"मग मी घिऊ का त्याला?"

हो म्हणायचा हक्क ऋजुताकडे उरला नव्हता. शालनबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. "तुमाला न्हाई इचारत मी. लेकीला इचारते." त्यांनी फोन लावला. पलीकडून पल्लवीचं मोठ्याने रडणं ऐकू आलं. "आई, ये गं. आत्ता ये," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. "आले, आले, रडू नगंस, दूध आटंल," शालनबाई म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या.

बाहेर आल्या त्या लुगडं बदलून, आणि हातात चहाचा कप. तो त्यांनी ऋजुतासमोर ठेवला. "दारात आलेल्या मानसाला पान्याबिगर लावून द्यायचं न्हाई म्हनून देतेय. माझ्या मनातलं सगळं धुतलं, आसं समजू नगा."

"नाही समजत," ऋजुता म्हणाली आणि चहा प्याली.

दोघी मिळून फाट्यावर आल्या. सांगलीची गाडी आली. ऋजुता पिशवी उचलायला पुढे झाली तशी शालनबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तुमी मागल्या गाडीनं या ताई. मला एकटीला जाऊ द्या. वाटभर तुमचं तोंड बघत बसले तर लेकराकडं नीट हसायचं व्हायचं न्हाई."

त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. पदर खांद्यावर होता, तोंड उघडं. कंडक्टरने दारातून ऋजुताला विचारलं, "येताय का?"

"नाही. मी मागच्या गाडीने येते."

गाडी गेली. मागची गाडी बऱ्याच वेळाने होती. फाट्यावर सावलीला बाक होता, पण ऋजुता उन्हातच उभी राहिली.